केसपेपरवर भीतीचाही एक रकाना असू द्या

रुग्णालये चालवणाऱ्या व्यवस्थापकांस, तसेच नोंदणी, रक्ततपासणी, लसीकरण आणि स्कॅनिंग या विभागांत काम करणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

आपल्या दारात आलेल्या माणसाला आपण पहिल्या पाच मिनिटांत बरेच काही विचारता. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, दमा आहे का, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, शरीरात पेसमेकर किंवा धातूची पट्टी बसवलेली आहे का. हे सारे विचारायलाच हवे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र गेली तीस वर्षे निरनिराळ्या ठिकाणचे असे केसपेपर भरताना मी दरवेळी शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन पाहतो, की या वेळी तरी तो प्रश्न आहे का, आणि तो नसतो. ‘तुम्हाला कशाची विशेष भीती वाटते का, आणि वाटत असेल तर अशा वेळी तुम्हाला नेमके काय होते?’ एवढाच तो प्रश्न. हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर मला सुईची भीती वाटते. मी पन्नाशी ओलांडलेला, अपरात्री एकटा प्रवास करणारा, साप दिसला तर पळण्याऐवजी थांबून बघणारा माणूस आहे. पण दंडाला रबरी पट्टा आवळला गेला की मी माझा राहत नाही. काही वर्षांपूर्वी एका तपासणी केंद्रात रक्त द्यायला गेलो होतो. पाठ नसलेल्या स्टुलावर बसवले. तिथल्या तरुण तंत्रज्ञाने कोपराच्या आतल्या बाजूला दोन टिचक्या मारून शीर शोधली, स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि माझा चेहरा बघून अगदी मनापासून म्हणाला, “काका, घाबरू नका. अंग सैल सोडा, मोठा श्वास घ्या आणि तिकडे बघा.” मी तिकडे बघितले. तिकडे पंखा होता. आधी पंख्याचा आवाज वाढला, मग तो फार लांबून यायला लागला, तोंडात पाणी सुटले, मानेमागे गार घाम आला, आणि पंखा कडांकडून काळा होत होत मधल्या ठिपक्याएवढा उरला. त्यानंतरचे मला आठवते ते फरशीचा गारवा आणि हनुवटीखालचे काहीतरी ओले. तीन टाके पडले. टाक्यांआधी बधिर करण्याचे इंजेक्शन, नंतर धनुर्वाताचे. एका सुईसाठी गेलेल्या माणसाला सुयांची अशी माळच घालून घ्यावी लागली. तो मुलगा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता, आणि त्याला कसे समजवावे हे कळत नसल्याने मीच त्याला धीर देत होतो.

चूक त्याची नव्हती. त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही सांगितले नव्हते. मी का सांगितले नाही, याचे उत्तर आपल्या कामाचे आहे म्हणून स्पष्ट लिहितो: मला लाज वाटली. रांगेत माझ्यापुढे एक सात-आठ वर्षांची मुलगी होती, तिने ओठ घट्ट मिटून हात पुढे केला होता. तिच्यानंतर लगेच ‘मला सुईची भीती वाटते’ असे आपणहून म्हणणे मला जमले नाही. कोणी विचारले असते तर मात्र मी नक्की सांगितले असते. विचारल्यावर सांगणे आणि न विचारता सांगणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढ्या अंतरात माझी हनुवटी फुटली.

त्या तंत्रज्ञाने दिलेला सल्ला, ‘अंग सैल सोडा’, हा इतर बहुतेक भीतींसाठी ठीक आहे आणि माझ्या भीतीसाठी नेमका उलटा आहे. कुत्रा, उंची, बंद जागा, वीज यांच्या भीतीत छातीची धडधड वाढते आणि वाढलेलीच राहते. माणसाला आता आपण कोसळणार असे वाटते, पण तो सहसा कोसळत नाही. रक्त, जखम आणि सुई यांच्या भीतीत मात्र शरीर दोन पायऱ्यांनी वागते. आधी नाडी आणि रक्तदाब चढतात, आणि मग अचानक दोन्ही खाली येतात. मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडते आणि शुद्ध हरपते. अशा वेळी अंग सैल सोडणे म्हणजे उतरणाऱ्या रक्तदाबाला आणखी वाट मोकळी करून देणे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-ग्योरान ओस्त यांनी १९८० च्या दशकात यावर बरोबर उलटा उपाय बसवला. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे, पण पूर्ण सैल न होता नेहमीच्या स्थितीपर्यंतच यायचे, वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा आवळायचे, असे पाच वेळा. ज्या हातातून रक्त घ्यायचे तो मात्र मोकळा ठेवायचा. यात ना औषध लागते ना यंत्र. हे मला कळले ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडून, तेही हनुवटी फुटल्यानंतर.

हा गुण घराण्यात उतरताना दिसतो, इतर भीतींपेक्षा जास्त. माझे वडील रक्त बघून आडवे होत आणि त्याला घरात ‘बाबांना उपवास सोसत नाही’ असे म्हणत. रक्ततपासणी उपाशीपोटी असते, त्यामुळे ते खपूनही जाई.

आपल्या भाषेत या अनुभवाला चांगला शब्द आहे. भीती, धाक, दरारा, धास्ती या सगळ्यांहून वेगळा असा ‘धसका’. भीती वाटते, धाक असतो, पण धसका घेतला जातो, आणि एकदा घेतला की तो शरीरातच ठाण मांडतो. मग समजूत कितीही घाला. मानसोपचारात ज्याला भयगंड म्हणतात तो बराचसा हाच. निदान करताना तज्ज्ञ साधारणपणे पाहतात की ही भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली आहे का, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने ती अवास्तव आहे का, आणि तिच्यामुळे माणूस आयुष्यातल्या गोष्टी टाळू लागला आहे का. अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. २२ देशांतील सर्वेक्षणे एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयुष्यात कधीतरी विशिष्ट भयगंड, म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीचा किंवा प्रसंगाचा भयगंड, झालेल्यांचे प्रमाण ७.४ टक्के आढळले, स्त्रियांमध्ये ९.८ आणि पुरुषांमध्ये ४.९ टक्के. पुरुषांचा आकडा वाचून मला माझा स्टुलावरचा चेहरा आठवला आणि आमच्यातले किती जण विचारल्यावरही खरे बोलले असतील, अशी शंका आली. अर्थात ही माझी शंका आहे, त्या अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे. त्याच अभ्यासानुसार निम्म्या लोकांत ही भीती वयाच्या आठव्या वर्षापर्यंतच सुरू झालेली असते. म्हणजे आपल्या खिडकीशी उभा असलेला साठ वर्षांचा गृहस्थ कदाचित बावन्न वर्षे ही गोष्ट सांभाळत आलेला असतो.

ही सांभाळण्याची कला बाहेरून दिसत नाही, आणि आपल्याला ती कळावी असे मला फार वाटते, कारण आपण जिला हट्टीपणा, निष्काळजीपणा किंवा नखरे समजता तिच्यात पुष्कळदा हीच कला असते. लोक भीतीभोवती वळसे घालून जगतात, आणि वळशांना चांगली नावे देतात. माझी थोरली बहीण लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. ती सगळ्यांना सांगते की जिने चढणे गुडघ्यांसाठी चांगले असते, आणि तिचे गुडघे दुखतात. आमची मावशी सातव्या मजल्यावर दाखल होती तेव्हा ताई रोज जिन्याने जायची. एके दिवशी जिन्याचे दार बाहेरून बंद केलेले निघाले, तेव्हा ती तळमजल्यावरच्या बाकावर दोन तास बसून राहिली आणि मावशीला फोनवर म्हणाली, “अगं, आज कामच निघालं.” वॉर्डमध्ये रात्री दिवा मालवू नका म्हणून भांडणारे आजोबा, सकाळची भेट हुकली की दंतवैद्याकडे पुन्हा सहा महिने न फिरकणारी बाई, शेजारच्या रुग्णाला उलटी होते म्हणून खाट बदलून मागणारा मुलगा, ही सगळी माणसे बहुधा एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतात. मी स्वतः नऊ वर्षे साखर तपासली नव्हती. डॉक्टरांनी विचारले की म्हणायचो, “मागच्याच महिन्यात केली, रिपोर्ट घरी राहिला.” नऊ वर्षे तो रिपोर्ट घरीच राहिला.

या टाळाटाळीची किंमत आपल्याही पदरात पडते. सुईच्या भीतीवरील अनेक अभ्यासांचा २०१९ साली घेतलेला एक आढावा सांगतो की प्रौढ रुग्णांपैकी १६ टक्के लोक केवळ सुईच्या भीतीने फ्लूची लस टाळतात. त्याच आढाव्यात रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांचाही हिशेब आहे. म्हणजे ज्यांच्या हाती हा केसपेपर असतो त्यांच्यातही आमचे भाईबंद आहेत. एमआरआयचे तर आपण रोजच पाहता: यंत्र राखून ठेवलेले, रुग्ण कपडे बदलून आलेला, आणि बोगद्यात खांदे शिरताच तो बाहेर काढा म्हणून ओरडतो. ताईचे दोनदा असे झाले. तो बोगदा अनेक यंत्रांत ६० सेंटिमीटर रुंद असतो, नव्या यंत्रांपैकी पुष्कळांत ७०. मोजपट्टीवर दहाच सेंटिमीटर, पण नाकासमोरचे छत थोडे लांब जाणे म्हणजे काय हे ज्याने धसका घेतला आहे त्याला विचारावे. आपल्याकडे रुंद बोगद्याचे यंत्र असेल किंवा जवळच्या केंद्रात असेल, तर हे दुसऱ्या फसलेल्या फेरीनंतर सांगण्याऐवजी तारीख देतानाच सांगता आले असते. गुडघ्याचा स्कॅन असेल तर पायाकडून आत घेता येते आणि डोके बाहेर राहते, हेही ताईला तिसऱ्या वेळी कळले, आणि तिसऱ्या वेळी तो स्कॅन झाला. तिचा होता गुडघ्याचाच स्कॅन.

‘घाबरू नका’ या दोन शब्दांविषयी थोडे लिहायला हवे. ते चांगल्या मनाने उच्चारले जातात, पण ज्याला भीती वाटते आहे त्याला ते ‘तुम्ही घाबरला आहात हे सगळ्यांना दिसते आहे’ असे ऐकू येतात. त्याहून वाईट म्हणजे ‘काही दुखत नाही हो’. दुखते. थोडे दुखते, पण दुखते, आणि एकदा खोटे पडलेल्या माणसाच्या पुढच्या आश्वासनावर कोण विश्वास ठेवणार? लसीकरणातील वेदना कमी करण्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी भूमिका मांडली तिच्यातही हेच आहे, की टोचणाऱ्याने शांत राहावे, साधे तटस्थ शब्द वापरावेत, वेदना होणारच नाही अशी खोटी ग्वाही देऊ नये. ‘आता सुरू करतो’ एवढे पुरते. लहान मुलांच्या बाबतीत तर आपल्या हाती आणखी एक गोष्ट आहे. प्रतीक्षागृहात ‘गप्प बस, नाहीतर काका सुई टोचतील’ असे एखादी आई म्हणते तेव्हा आपल्याला त्या मुलासाठी बागुलबुवा बनवले जात असते. तिला दोन गोड शब्दांत अडवणे हा आपला अधिकार आहे, असे मी समजतो. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणणे सोपे आहे; पण तो ब्रह्मराक्षस पाठी लावला कोणी, हे आम्ही मोठे झाल्यावर आम्हाला आठवत असते.

भीती उतरते कशी, याविषयीही बरेच ठाऊक झालेले आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी संशोधिकेने पीटर नावाने नोंदवलेल्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. अभ्यास सुरू झाला तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता आणि सशाला घाबरत असे. ससा आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पिंजऱ्यात, मग थोडा जवळ, मग त्याहून जवळ, आणि मुलाला आवडीचे खाणे देत देत अखेर तो सशाला हात लावू लागला. आज अनेक भयगंडांवर जे उपचार होतात त्यांचा गाभा हाच आहे: पायरीपायरीने, माणसाच्या संमतीने, पळ न काढता समोर जाणे. पण ही हकिकत मी येथे सांगतो ती मधल्या एका प्रसंगासाठी. पीटर सुधारत असताना त्याला लाल ताप (स्कार्लेट फीव्हर) आला आणि जवळजवळ दोन महिने तो रुग्णालयात होता. घरी परतताना रुग्णालयाच्या दारातच एक मोठा कुत्रा त्याच्या आणि त्याच्यासोबतच्या परिचारिकेच्या अंगावर झेपावला. दोघेही खूप घाबरले. त्यानंतर पीटरची भीती पुन्हा पहिल्या पायरीवर गेली. त्याच्या शेजारचे मोठे माणूसच भेदरले होते, ही गोष्ट मला त्यात फार महत्त्वाची वाटते, कारण मूल धोका मोजते ते मोठ्यांच्या चेहऱ्यावरून.

हे उपचार आपण करावेत असे माझे म्हणणे नाही. ते मानसोपचारतज्ज्ञांचे काम आहे. मी त्या बाईंकडे सहा वेळा गेलो. आधी सिरिंजची चित्रे पाहिली, मग बिनसुईची सिरिंज टेबलावर, मग हातात, मग दुसऱ्या कोणाचे रक्त घेताना बाजूला उभे राहणे, आणि प्रत्येक पायरीवर ते स्नायू आवळणे. माझी भीती गेलेली नाही. आजही तारीख ठरली की आदल्या रात्री पोटात गोळा येतो. गेले आहे ते कोसळणे. भीती बाळगून, पण शुद्धीवर राहून रक्त देता येते, आणि मला तेवढे पुरेसे आहे.

आपल्याकडून मला हवा आहे तो फक्त प्रश्न, आणि त्याच्या उत्तराप्रमाणे थोडा बदल. ज्याला सुईने भोवळ येते त्याला स्टुलाऐवजी खाटेवर आडवे करायचे आणि नंतर पंधरा मिनिटे उठू द्यायचे नाही. ज्याला टोचण्याचीच धास्ती आहे त्याला कातडी बधिर करणारे मलम लावता येते. लिडोकेन आणि प्रिलोकेन यांच्या मलमाला साधारण तासभर लागतो, म्हणून तर प्रश्न आदल्या दिवशी, तारीख देताना विचारायला हवा. एमआरआयला येणाऱ्याच्या हातात सूचना देण्याचा रबरी फुगा आपण देताच. तो दाबल्यावर खरोखर कोणी तरी येते, हे आत जाण्यापूर्वी एकदा दाबून दाखवले तर त्याच्या असण्याला अर्थ येतो. किती मिनिटांचा आवाज होणार हे प्रत्येक टप्प्याआधी माइकवरून सांगणे, जिन्याची दारे उघडी ठेवणे, हे तर कोणत्याही यंत्राशिवाय होते.

माझ्या ओळखीच्या एका परिचारिकेने या सूचनेवर दोन आक्षेप घेतले, आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. एक म्हणजे वेळ नाही. पण शुद्ध हरपलेल्या माणसाला उचलणे, त्याचे पाय वर करणे, जखम शिवणे, अपघाताची नोंद करणे आणि तोवर बाहेरची रांग थोपवणे यात गेलेला वेळही कोणीतरी मोजायला हवा. दुसरा आक्षेप असा, की विचारल्याने नसलेली भीती डोक्यात घातली जाईल. मला तसे वाटत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का असे विचारल्याने कोणाला ती होत नाही, आणि ज्याला धसका नाही तो ‘नाही’ लिहून पुढे जाईल, जसा मी ‘दमा’ या शब्दापुढे लिहून जातो. तिने तिसरा आक्षेप घेतला नाही. उलट जाता जाता म्हणाली की तिला स्वतःला पालीची भीती वाटते, आणि रात्रपाळीत ती औषधांच्या खोलीत जाण्यापूर्वी दारावर तीनदा थाप मारते. हे तिने वीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

पुढच्या महिन्यात माझी तपासणीची तारीख आहे. केसपेपरवर तो रकाना नसेल तर मी पानाच्या समासात लिहिणार आहे, आणि असला तर त्यात. मजकूर मोठा नाही: ‘सुई. भोवळ येते. कृपया आडवे झोपवून, डाव्या हातातून.’

आपला,
एक रुग्ण